नव्या घरात दर महिन्याला वीजबिल जास्त येतंय? आधी मीटर कुणाची वीज मोजतंय ते बघा

नव्या फ्लॅटमध्ये पहिली एक-दोन बिलं जास्त आली तर कुणी फारसं मनावर घेत नाही. फर्निचरचं काम चालू असतं, सुताराची मशिनं दिवसभर चालतात, पाहुण्यांची ये-जा असते. पण सगळं स्थिरस्थावर झाल्यावरही बिलाचा आकडा खाली यायचं नाव घेत नाही, तेव्हा घरातल्या घरात उलटतपासणी सुरू होते. गिझर कुणी चालू ठेवला, हॉलमधला पंखा कुणी बंद केला नाही, रात्री एसी कशाला हवा. मग एसी बंद होतो, आंघोळी उरकत्या घेतल्या जातात, आणि पुढचं बिल पुन्हा तेवढंच.

वायरिंगच्या कामात असल्यामुळे अशी घरं मी बरीच पाहिली आहेत. बहुतेक जण शोध उपकरणांपासून सुरू करतात. माझा अनुभव सांगतो की क्रम उलटा हवा: आधी बिलाचा कागद, मग मीटर, मग तारा आणि सगळ्यात शेवटी उपकरणं. नव्या इमारतीत तर हे फारच महत्त्वाचं आहे. जुन्या इमारतीतल्या वायरिंगच्या चुका कुणीतरी कधीतरी दुरुस्त केलेल्या असतात; नव्या इमारतीत तुम्हीच पहिले, त्यामुळे त्या चुका तुमच्याच बिलात पहिल्यांदा दिसतात.

आणि हो, प्लगला लावायची ती ‘पॉवर सेव्हर’ डबी घेऊ नका. तिच्यात फार तर एक कपॅसिटर असतो. घरगुती बिल किलोवॅट-तासावर निघतं, त्यावर या डबीचा काही परिणाम होत नाही.

बिलाचा कागद

रुपयांकडे बघू नका, युनिट बघा. मागील रीडिंग, चालू रीडिंग, दोन्हींच्या तारखा आणि मीटरची स्थिती एवढ्या गोष्टी आधी तपासायच्या. मीटर रूमला कुलूप असलं, किंवा सोसायटी अजून बिल्डरच्या ताब्यात असून किल्ली कुणाकडे आहे तेच माहीत नसलं, तर रीडिंग घेणारा हात हलवत परत जातो आणि सरासरीवर बिल निघतं. अशा बिलावर मीटरची स्थिती ‘नॉर्मल’ नसते. लॉक, फॉल्टी असं काहीतरी छापलेलं असतं. काही महिने अंदाजाने बिल आलं आणि मग एकदम खरं रीडिंग घेतलं की साठलेली सगळी युनिटं एकाच बिलात येऊन पडतात. त्या वेळी ती युनिटं तितक्या महिन्यांत विभागून स्लॅबचा, म्हणजे कमी युनिटांच्या स्वस्त टप्प्याचा, फायदा दिलाय का हे पाहायचं. दिला नसेल तर तो मागून घ्यायचा.

स्लॅबचं गणित कळलं की बिल का फुगतं तेही कळतं. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्या टप्प्यातला वीज आकार दुपटीहून जास्त आहे. म्हणजे घरात दिवसाला दोन युनिट जरी कुठे वाया जात असली, तरी महिन्याची ती साठ युनिटं स्वस्त टप्प्यात मोजली जात नाहीत, वरच्या टप्प्यातच बसतात. शिवाय वहन आकार (वीज तुमच्यापर्यंत आणण्याचा) दर युनिटला आणि वीज शुल्क (सरकारचा कर) टक्केवारीने. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा यांचे दर वेगळे आहेत, पण जास्त वापरणाऱ्याला चढा दर हे तत्त्व तेच.

त्याच कागदावर आणखी दोन-तीन गोष्टी नजरेखालून घाला. दरसंकेत, म्हणजे जोडणी कुठल्या प्रकारची ते सांगणारा रकाना, घरगुतीच आहे ना? घरगुती जोडणीला वीज शुल्क १६ टक्के असतं. तिथे २१ टक्के दिसलं तर तुमची जोडणी वाणिज्यिक म्हणून नोंदली गेली आहे. बिल्डरच्या काळातली जोडणी नावावर करताना हे राहून गेलेलं असू शकतं. गुणक अवयव, म्हणजे रीडिंगमधल्या फरकाला ज्याने गुणून युनिटं काढतात तो आकडा, १ असायला हवा. थ्री फेज जोडणी असेल तर स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा कितीतरी जास्त असतो. एवढा भार खरंच लागतो का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. थकबाकीच्या रकान्यात आधीच्या काळाची रक्कम चिकटलेली नाही ना, तेही बघा. आणि सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल हाती पडलं तर ते वापराचं बिल नव्हे. वापर वाढला की ठेवीतला फरक मागितला जातो. ती तुमच्याच नावावर जमा राहते आणि तिच्यावर व्याजही मिळतं.

मीटर तुमचंच आहे का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण नव्या इमारतीत मीटरपाशी गेल्यावर हा पहिला विचारावा. मीटर रूममध्ये ओळीने चाळीस-पन्नास मीटरं लागलेली असतात. खालून वर जाणाऱ्या केबलवर मार्करने फ्लॅट नंबर लिहिलेले असतात, आणि एका घाईच्या दुपारी ३०२ ची केबल ३०३ च्या मीटरला लागून जाते. पुढे वर्षानुवर्षं एकाचं बिल दुसरा भरतो. दोघांचा वापर सारखा असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही.

तपासणी सोपी आहे. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर छापलेला क्रमांक जुळतो का ते पाहा. मग एकाला वर ठेवा, एकाने खाली उभं राहायचं आणि फोनवर बोलत राहायचं. वरच्याने घरातला मेन स्विच बंद केला की खालच्याने बघायचं, नेमक्या कुठल्या मीटरचा लुकलुकणारा दिवा थांबला. तुमचा थांबला तर ठीक. तुमचा चालूच राहिला आणि शेजारचा थांबला, तर अदलाबदल झाली आहे. तसा अर्ज दोन्ही घरांनी मिळून द्यावा. एकट्याने दिला तर दुसऱ्याच्या बिलाचा हिशेब अडकतो.

आणि तुमचा दिवा थांबला नाही, शेजारचाही थांबला नाही, तर पुढे वाचा. हा सगळ्यात चकवणारा प्रकार आहे.

दिव्याची भाषा

मीटरवर ‘३२०० इम्प प्रति किलोवॅट-तास’ असं काहीतरी छापलेलं असतं. काहींवर १६०० असतं. अर्थ इतकाच की लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. यातून घरात या क्षणाला किती वॅट ओढले जातायत ते काढता येतं. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्याने भागा. मीटर १६०० चं असेल तर २२५० ला भागा. दहा सेकंदांनी एकदा लुकलुकला तर साधारण ११२ वॅट, म्हणजे एक फ्रीज आणि राउटर. सेकंदाला एकदा तर अकराशेच्या वर, म्हणजे काहीतरी तापवणारं चालू आहे. यासाठी मीटरला हात लावायची गरज नाही, आणि लावूही नका. सील तुटलेलं सापडलं तर तुमची तक्रार बाजूला राहते आणि प्रश्न तुम्हालाच विचारले जातात.

आता घरातलं सगळं बंद करायचं, पण दोन टप्प्यांत. पहिल्यांदा डीबीतले (घरातल्या स्विचच्या पेटीतले) सगळे छोटे एमसीबी, म्हणजे एकेका सर्किटचे स्विच, खाली पाडा, मेन स्विच चालू ठेवा आणि दिवा पाहा. मग मेनही बंद करा आणि पुन्हा पाहा. हे दोन टप्पे वेगळे का, ते महत्त्वाचं आहे. छोटे एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडतात, न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) जोडलेलाच राहतो. मेन स्विच दोन पोलचा असेल तर तो दोन्ही तोडतो. एमसीबी पाडल्यावर दिवा चालू आणि मेन पाडल्यावर बंद, तर गडबड तुमच्या घरातल्या न्यूट्रलमध्ये आहे. मेन पाडूनही दिवा लुकलुकतोय, तर गडबड मीटर आणि तुमच्या दारादरम्यान, म्हणजे शाफ्टमध्ये (केबल वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत) किंवा मीटर रूममध्ये.

शेजारी चोर नसतो, न्यूट्रल एकत्र झालेला असतो

पिंपरी-चिंचवडमधल्या एका नव्या इमारतीतलं हे घर. नवरा-बायको दोघंही नोकरीला, घर दिवसभर बंद, एसी नाही. त्यांचा हिशेब मांडला तर महिन्याला दीडशेच्या आसपास युनिटं व्हायला हवीत: फ्रीजची पंधरा-सतरा, गिझरची चाळीस-पंचेचाळीस, पंख्यांची तेवढीच, बाकी दिवे, टीव्ही, वॉशिंग मशीन. बिल येत होतं साडेतीनशेच्या वर, दर महिन्याला. मीटर एकदा तपासून झालं होतं, ते बरोबर निघालं. मग संशय शेजारच्या घरावर गेला. तिथे मोठं कुटुंब, दोन एसी. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं होतं. समोरासमोर आले की एकमेकांना वाट देऊन खाली मान घालून जायचे.

मीटर रूममध्ये उभा राहून मी त्यांचा मेन बंद करायला सांगितला. दिवा थांबला नाही. साधारण चार सेकंदांनी एकदा लुकलुकत राहिला. बंद घर, आणि मीटर पावणेतीनशे वॅट मोजतंय. शेजारच्या काकूंना विनंती केली, जरा तुमचा गिझर चालू करता का. त्यांनी केला आणि इकडे या जोडप्याच्या मीटरचा दिवा सेकंदाला एकदाहून भराभर लुकलुकायला लागला. गिझर बंद करायला लावला, दिवा पुन्हा मंदावला.

हे असं का होतं? आपल्याकडची सिंगल फेज मीटरं फेजमधला प्रवाह मोजतात तसा न्यूट्रलमधलाही मोजतात, आणि दोन्हींत जो जास्त असेल त्यावर युनिटं धरतात. चोरी पकडता यावी म्हणून हे केलेलं आहे आणि त्या कामापुरतं ते योग्यच आहे. कुणी न्यूट्रल सोडून अर्थिंगवर भार चालवला तरी मीटर ते मोजतं. पण दोन घरांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधले गेले, तर परतीचा प्रवाह दोघांत वाटला जातो. शेजाऱ्याच्या गिझरचा अर्धा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून तुमच्या मीटरमध्ये येतो. तुमच्या मीटरला फेज कमी आणि न्यूट्रल जास्त दिसतो, म्हणून ते न्यूट्रल धरतं. शेजाऱ्याच्या मीटरला फेज पूर्ण दिसतो, म्हणून ते फेज धरतं. तीच वीज दोनदा मोजली जाते. शेजारी त्याच्या विजेचे पूर्ण पैसे भरतोच आहे, तुम्ही त्यातल्या निम्म्या विजेचे पुन्हा भरताय. फटका नेहमी कमी वापरणाऱ्या घराला जास्त बसतो, म्हणून मला या दोषाची विशेष चीड आहे. जो काटकसर करतो त्याचंच बिल फुगतं, आणि वर घरातली माणसं एकमेकांना बोल लावतात.

त्या मजल्यावरच्या शाफ्टमधली जंक्शन बॉक्स उघडली तेव्हा दोन्ही घरांच्या काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या, तारा एकाच पिळ्यात, एकाच टेपखाली सापडल्या. काम अर्ध्या तासाचं होतं. पुढच्या बिलात जोडप्याची युनिटं दीडशेवर आली. शेजाऱ्यांचं बिल फारसं बदललं नाही, आणि बदलायचं कारणही नव्हतं.

हा दोष ओळखायच्या आणखी दोन खुणा आहेत. काही मीटरवर ‘अर्थ’ लिहिलेला वेगळा दिवा किंवा डिस्प्लेवर तसं चिन्ह असतं. ते सतत दिसत असेल तर फेज आणि न्यूट्रलचा हिशेब जुळत नाही, असं मीटर स्वतःच सांगतंय. दुसरी खूण आरसीसीबीची, म्हणजे जाणारा-येणारा प्रवाह जुळला नाही की वीज तोडणाऱ्या स्विचची. घर नवं असताना आरसीसीबी वारंवार पडत होता आणि कुणीतरी ‘खराब आहे’ म्हणून तो काढून टाकला किंवा बायपास केला, असं झालं असेल तर शंका धरा. आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल मिसळले असतील तर तो पडणारच, तेच त्याचं काम आहे. तो काढून टाकणं बिलासाठी वाईट आणि जिवासाठी त्याहून वाईट. तो परत बसवून घ्या, मग दोष शोधा.

वायरमनला बोलवाल तेव्हा त्याच्याकडे टोंगटेस्टर (तारेभोवती कडी लावून प्रवाह मोजायचं यंत्र) असल्याची खात्री करा. घरात येणारी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र टोंगटेस्टरच्या कडीत घेतल्या की आकडा शून्याजवळ यायला हवा. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. तिथे अर्धा-एक अँपिअर दिसला तर एक तर गळती आहे, नाहीतर न्यूट्रल मिसळलाय. मग एकेक सर्किट सुटं करत गेलं की दोष कुठे आहे ते सापडतं. बहुतेकदा जिन्यातला किंवा दारावरचा दिवा, दोन फ्लॅटांच्या सामायिक भिंतीतला एखादा पॉइंट किंवा शाफ्टमधला जोड निघतो. शाफ्टमधलं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

तारा ठीक निघाल्या तर

तर मग वापर खरा आहे, आणि पहिला गिझर तपासायचा. १५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला सुमारे ०.६ युनिट लागतं. दोन हजार वॅटच्या गिझरला त्यासाठी वीसेक मिनिटं पुरतात. यापेक्षा जास्त वेळ गिझरचा दिवा सुरूच असेल तर थर्मोस्टॅट अडकलाय किंवा गरम पाणी कुठेतरी वाहून जातंय. नव्या घरात ही दुसरी शक्यता धरून चाला. पाइप भिंतीत गाडलेले असतात आणि टाइल बसवणाऱ्याच्या ड्रिलने एखाद्याला भोक पडलेलं असतं. गरम पाण्याच्या लाइनमधून तासाला दहा लिटर पाणी झिरपलं आणि गिझर दिवसभर चालू राहिला, तर दिवसाला जवळपास १० युनिट जातात. गिझर वापरून बरेच तास झाले तरी बाथरूमच्या भिंतीचा एखादा पट्टा कोमट लागतोय का, पलीकडच्या खोलीत रंगाला फुगे आलेत का, हे हात लावून पाहा. हात लावण्याआधी गिझर बंद करायचा, हे विसरू नका.

फ्रीजच्या लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात. २०० लिहिली असतील तर दिवसाला अर्ध्या युनिटाच्या थोडं वर. मॉड्युलर किचनच्या खणात तिन्ही बाजूंनी घट्ट बसवलेला फ्रीज यापेक्षा बराच जास्त घेतो, कारण त्याची उष्णता बाहेर जायला वाट नसते. एसीच्या लेबलवरचा वार्षिक आकडा १६०० तासांसाठीचा असतो, त्याला १६०० ने भागलं की तासाचा अंदाज मिळतो. १ जानेवारी २०२० नंतरच्या स्टार लेबलच्या खोलीच्या एसींमध्ये सुरू होताना २४ अंशच येतात. ते तसेच राहू द्यावेत. बंगला असेल तर पाण्याची मोटर बघा. एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते, आणि पाइपच्या तळाचा फूटव्हॉल्व गळत असेल तर टाकी भरायला तिला दुप्पट वेळ लागतो.

तक्रार कुठे

दोष मीटरच्या बाजूचा असेल, म्हणजे रीडिंग चुकलं, मीटर अदलाबदल झाली, मीटर जोरात पळतंय, तर दाद वीज कंपनीकडे मागायची. महावितरणच्या ग्राहकांसाठी १९१२ आणि १८००-२३३-३४३५ हे क्रमांक आहेत, पण फोनवर थांबू नका. उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मीटर तपासणीचं शुल्क भरून चाचणी मागा आणि चाचणीच्या वेळी हजर राहा. वाद मिटेपर्यंत वीज तोडतील ही भीती अनेकांना असते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ नुसार तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वाद निकाली निघेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. पैसे भरताना ‘हरकतीसह भरणा’ असं पत्र जोडा. कार्यालयाने दाद दिली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर मुंबई आणि नागपूर इथे विद्युत लोकपाल आहेत. या दोन्हींसाठी वकील लागत नाही.

दोष मीटरच्या पुढच्या तारांतला असेल तर वीज कंपनीला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. न्यूट्रल मिसळल्याच्या प्रकरणात लोक इथेच अडकतात. मीटर बरोबर आहे असा शेरा मिळतो आणि फाइल बंद होते. इथे बिल्डरला धरायचं. रेरा (स्थावर संपदा) कायदा २०१६, कलम १४(३): ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जातला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो, न केल्यास महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जाता येतं. पत्राला टोंगटेस्टरच्या आकड्याचा फोटो, मेन बंद असताना लुकलुकणाऱ्या दिव्याचा व्हिडिओ आणि मागची सगळी बिलं जोडा. शेजारच्या घराचीही सही घ्या. शाफ्टची बॉक्स उघडण्याआधी आणि उघडल्यावर, दोन्ही वेळी फोटो काढून ठेवा. एकदा जोड सुटा झाला की आधी काय होतं हे दाखवायला दुसरं काही उरत नाही.